जेवायची वेळ कोणी विचारली नाही

मला साखर निघाली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कोळसा डेपोच्या गेटवर गार्ड होते. डेपोचं नाव सांगत नाही. सांगून काही होणार नाही, आणि असा डेपो त्या रस्त्यावर एकच आहे असंही नाही.

काम तसं सोपं. ट्रक आला की नंबर लिहायचा, कागद बघायचे, ड्रायव्हरला खाली उतरवून त्याच्या तोंडासमोर मशीन धरायची. दारू प्यालेला असेल तर मशीन सांगते. मग गेटचा आडवा दांडा वर करायचा. सकाळी सहा ते दुपारी दोन एक पाळी, दोन ते रात्री दहा दुसरी. आम्ही तीन बायका आलटून पालटून होतो. एक माझ्याहून मोठी, निवृत्तीला आलेली. दुसरी लग्न होऊन दोन वर्षं झालेली.

संडास गेटपासून आत अर्धा किलोमीटरवर, ऑफिसच्या मागे. गेट सोडायचं तर आधी वॉकीटॉकीवर सुपरवायझरला सांगायचं, त्याने बदली माणूस पाठवायचा, तो आला की जायचं. बदली माणूस कधी वीस मिनिटांनी यायचा, कधी यायचाच नाही. पुरुष गार्ड भिंतीमागे जाऊन मोकळे व्हायचे. आम्ही पाणी पीत नव्हतो. नोकरीला लागले त्याच दिवशी मोठीने मला शिकवलेली पहिली गोष्ट ती. मशीन कशी धरायची ते नंतर शिकवलं. पहिले म्हणाली, "सकाळी निघताना घोटभर पी, मग दोन वाजेपर्यंत बाटलीकडे पाहूच नको." आठ वर्षं मी तेच केलं. त्यात काही वाईट आहे असं मला वाटलंही नाही. आज आठवलं की दात आवळले जातात.

मांडीवर एक गळू झालं होतं, ते महिनाभर भरेना. वजन उतरलं होतं. तहान इतकी लागायची की पाणी न पिण्याचा नेम मोडायला लागला, आणि पाणी प्यायलं की अर्ध्या तासात लघवी. गावातल्या एका खासगी डॉक्टरकडे गेले. त्याने बोट टोचून तपासलं. तीनशे बारा. मग रक्त घेतलं, ते चंद्रपूरला पाठवलं, आणि तीन दिवसांनी सांगितलं, डायबेटिस आहे. एक गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ. आणि एक छापील कागद दिला.

तो कागद इंग्रजीत होता. मी बारावी शिकलेली आहे, जुळवून जुळवून वाचला. ओट्स खा. सफरचंद खा. ब्राऊन ब्रेड खा. भात बंद. सकाळी बागेत पाऊण तास चाला. आमच्याकडे भात म्हणजेच जेवण. मी वैनगंगेपलीकडची, गडचिरोलीच्या बाजूची. माझं माहेर ढिवरांचं, मासेमारांचं. बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले मासे आणि भात, याच्याशिवाय तिसरं काही ताटात असतं हे मला लग्नानंतर कळलं. आणि बाग कुठली. माझी पाळी सहाला लागायची, घरून सव्वापाचला निघायचं. आमच्या वस्तीच्या मागच्या झुडपांत वाघाचे पंजे दिसलेले, सूर्य उगवल्याशिवाय कोणी बाहेर पडू नये म्हणून पोलीस पाटलाने सांगून ठेवलेलं. रस्त्याने चालावं तर कोळशाचे ट्रक, आणि घरी आल्यावर नाक शिंकरलं की काळं निघायचं. तो कागद ज्याने कुणी लिहिला असेल, त्याने आमचा रस्ता एकदा तरी पाहायला पाहिजे होता. पण कागद देणाऱ्याने तर रोज पाहिला होता. तो त्याच रस्त्याने दवाखान्यात यायचा.

गोळी सुरू केली. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. चौथ्या दिवशी गेटवर असताना पोटात कळ आली. वॉकीटॉकीवर सांगितलं, "साहेब, माणूस पाठवा, मले आत जायचं हाय."

"थांब पंधरा मिनिटं. इथी कोणी नाई."

"साहेब, अर्जंट हाय."

"सगळ्यायचं अर्जंटच असते."

मी थांबले. समोर चार ट्रक उभे होते. त्यानंतर जे झालं ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. गेटच्या मागे जुन्या टायरांचा ढीग होता, तिथपर्यंतही मी पोहोचले नाही. युनिफॉर्मची पँट होती, गडद निळी, म्हणून पाळी सुटेपर्यंत खुर्चीवरून न उठता बसून राहता आलं. ड्रायव्हर खाली उतरून माझ्याजवळ यायचे तेव्हा मी त्यांना हातानेच सांगत होते, तिथूनच कागद दाखव. एकालाही मशीन लावली नाही त्या दिवशी.

घरी येऊन गोळ्यांची पाकिटं डब्यात टाकली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

माझा नवरा खाणीत ठेकेदाराकडे डोझर चालवतो. बोलणं कमी. मी गोळ्या सोडल्या हे त्याला चार-पाच दिवसांनी कळलं. ओरडला नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी एक पुडकं घेऊन आला. बाजारात जीपवर भोंगा लावून एक माणूस साखरेवरचं चूर्ण विकायचा. जांभळाच्या बिया, कारलं, गुडमार, आणखी काय काय. तीन महिन्यांत गोळ्या सुटतील, सहा महिन्यांत साखर मुळातून जाईल, असं तो भोंग्यात सांगायचा.

"गोळ्यायनं पोट बिघडते तं हे घेऊन पाय," नवरा म्हणाला. "झाडपाल्याचं हाय. फायदा नाई झाला तं नुकसान तं नाई."

त्याचा काही वाईट हेतू नव्हता. मला त्रास होऊ नये एवढंच त्याला पाहिजे होतं. मी ते अडीच महिने घेतलं, सकाळी उपाशीपोटी, कडू जहर. पोट ठीक राहिलं, त्यालाच मी गुण आला समजले. रात्री चार-चार वेळा उठत होते, डोळ्यांसमोर धुकं यायचं, पाय जळजळायचे, तरी मला वाटत होतं की आतून साखर निघून चालली आहे. भोंग्यातल्या माणसाने सांगितलंच होतं, सुरुवातीला लघवीवाटे निघते म्हणून. किती हुशार माणूस. आजार वाढल्याची खूण त्याने औषध लागू पडल्याची खूण करून ठेवली होती. नंतर मी त्याला शोधायला तीन बाजार फिरले. त्याने जागा बदलली होती. सापडला असता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही, पण हात रिकामे ठेवून गेले नव्हते.

अडीच महिन्यांनी पुन्हा डॉक्टरकडे गेले. तीनशे सेहेचाळीस. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना रेग्युलर?"

मी हो म्हणाले.

हे मला लिहायलाच पाहिजे. इतरांवर राग काढताना हे गाळलं तर मीही त्या भोंग्यावाल्यासारखीच. मी खोटं बोलले. चूर्णाचं सांगितलं तर तो बोलेल, रांगेतल्या लोकांसमोर बोलेल, याची लाज वाटली. टायरांच्या ढिगाचं तर सांगणं शक्यच नव्हतं. तो म्हणाला, "म्हणजे एका गोळीने भागत नाही." आणि दुसरी लिहून दिली. "ही सकाळी जेवणाआधी घ्या. पहिलीही चालू ठेवा. आणि भात खाता की काय अजून? बंद करा." एवढंच. पुढचा पेशंट.

जेवणाआधी. माझं दिवसाचं पहिलं जेवण दुपारी अडीचला होत होतं, पाळी सुटून घरी आल्यावर. गेटवर डबा खायचा तर हात धुवायला पाणी नाही, आणि खाल्लं की पाणी लागतं, पाणी प्यायलं की पुढचं सगळं. ते त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सकाळ म्हणजे सकाळ, म्हणून मी ती गोळी पाच वाजता बिनसाखरेच्या चहासोबत घ्यायला लागले. पहिलीही परत सुरू केली, ती फक्त रात्री, पाळी नसताना. तीनशे सेहेचाळीसची भीती बसली होती. त्या कागदात लिहिल्याप्रमाणे भात पूर्ण बंद केला. एक पोळी आणि भाजी. ओट्स काय असतं ते मी पाहिलंही नव्हतं.

महिनाभर बरं गेलं. रात्रीचं उठणं थांबलं. मग अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागले. घाम यायचा. उन्हाने असेल असं वाटायचं. मार्च लागला होता.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी बारा वाजून गेले होते. मला आठवतं ते असं. मी एका ड्रायव्हरला मशीनमध्ये फुंकायला सांगत होते आणि तो फुंकत होता, आणि मी त्याला परत परत सांगत होते, फुंक. तो हिंदीत काहीतरी म्हणत होता. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मला त्याचा भयंकर राग आला, त्याला मारावंसं वाटलं, आणि मी खरंच त्याच्या छातीवर हात मारला. मग दांडा वर करायच्या ऐवजी मी रजिस्टर उचललं आणि गेटच्या बाहेर रस्त्याकडे चालायला लागले. लोक सांगतात की मी सरळ चालत नव्हते. रस्त्याच्या कडेला खाली बसले. शब्द तोंडात गोळा व्हायचे, बाहेर येत नव्हते.

सुपरवायझर मोटारसायकलवर आला. त्याचं वाक्य मी ऐकलं. ते सगळं धुकं असूनही ते वाक्य मला आजही स्वच्छ ऐकू येतं.

"बाई पिऊन आहे."

ज्या ड्रायव्हरला मी मारलं होतं, तोच वाकून माझ्याकडे पाहत होता. वयस्क माणूस, दाढी पिकलेली. तो म्हणाला, "पी नहीं है साहब. पसीना देखो इनका. मेरे बाप को ऐसा होता था. शुगर गिर गई है." आणि तो धावत आपल्या ट्रककडे गेला. केबिनमध्ये त्याचं चहाचं सामान होतं. पाण्यात मूठभर साखर टाकून त्याने ग्लास आणला. "पियो, थोडा थोडा." मला गिळता येत होतं, हे नशीब. मी पीत असताना सुपरवायझर मागून सांगत होता, पाजू नको, आधी टेस्ट करू दे.

दहा मिनिटांत मला माणसं वेगवेगळी दिसायला लागली. पंधरा मिनिटांत मी कुठे बसले आहे ते कळलं. तो ड्रायव्हर तोवर थांबला होता. मागे ट्रक हॉर्न वाजवत होते. त्याने दोन बिस्किटांचे पुडे माझ्या मांडीवर ठेवले, म्हणाला, "ये भी खा लो, नहीं तो फिर गिरेगी." आणि गेला. त्याच्या ट्रकचा नंबर मी त्या दिवशी लिहिला नव्हता. नंतर कधी तो दिसला नाही, किंवा दिसला असेल तर मी ओळखलं नाही.

मग सुपरवायझरने माझीच मशीन माझ्यासमोर धरली. आठ वर्षं मी ती लोकांच्या तोंडासमोर धरली होती. मी फुंकलं. शून्य. त्याने मशीन झटकली, परत धरली. शून्य. तिसऱ्यांदा. शून्य.

"मले साखरेचा आजार हाय, साहेब," मी म्हणाले. "गोळी चालू हाय."

"आधी काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं ठेवलं असतं का?"

त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं. मी उभी राहून वाचलं. ड्युटीवर असताना वागणूक संशयास्पद, ड्रायव्हरच्या अंगावर हात टाकला. मशीनचा आकडा शून्य आला हे त्याने लिहिलं नाही. मी म्हणाले, तेही लिहा. तो म्हणाला, फिटनेसचं सर्टिफिकेट आणल्याशिवाय गेटवर यायचं नाही.

घरी आले. संध्याकाळपर्यंत वस्तीत पोहोचलं होतं की गेटवरची बाई दुपारी पिऊन रस्त्यावर पडली होती. आमच्या ओळीतल्या एकीने नवऱ्याला विचारलं, वहिनीले कवापासून लागली म्हणून. तो घरात आला, फळीवरचं उरलेलं चूर्ण काढलं आणि चुलीच्या राखेत ओतलं.

"मले वाटलं..." म्हणाला.

"तुमाले वाटलं ते मले माईत हाय," मी म्हणाले. जास्त बोलले नाही, कारण सुरुवात केली असती तर थांबले नसते.

माझी मोठी बहीण, तिला आम्ही बाई म्हणतो, गडचिरोलीजवळच्या गावात दिली आहे. तिचं सासरही मासेमाराचं. ती टोपली घेऊन दारोदार मासे विकते. आवाज असा की दोन गल्ल्या ऐकू जातो. नवऱ्याने तिला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी एसटीने आली आणि माझी पिशवी भरायला लागली.

"चल माह्यासंगं. तिथी सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण हाय. तिले दाखवू."

"इथल्या डॉक्टरनंच तं गोळ्या देल्ल्या."

"म्हूनच चल म्हणून राह्यली."

सरकारी दवाखान्यात दोन तास रांग होती. डॉक्टरीण तिशीची असेल. तिने माझे कागद पाहिले, गोळ्या पाहिल्या, आणि पेन खाली ठेवलं. म्हणाली, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही काय काय करता, सांगा मला. खाणं कधी, पाणी कधी, सगळं."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. मी सांगायला लागले. पाळी, पाणी, अर्ध्या किलोमीटरवरचा संडास, अडीचचं जेवण. टायरांच्या ढिगाचंही सांगितलं. चूर्णाचं सांगितलं, खोटं बोलले तेही सांगितलं. बहीण बाजूला बसली होती, तिचा चेहरा लाल होत गेला. डॉक्टरीण मध्ये बोलली नाही.

मग तिने समजावलं. दुसरी गोळी शरीराला जास्त इन्सुलिन बनवायला लावते, पोटात अन्न असो की नसो. ज्याचं जेवण वेळेवर नाही, त्याला ती अशी नुसती देता येत नाही. "तुम्ही पाच वाजता घेऊन अडीचपर्यंत उपाशी राहत होतात. साखर खाली जाणारच." ती तिने बंद केली आणि वेगळी दिली, जिने एकटीने साखर सहसा एवढी खाली जात नाही. पहिली गोळी वाईट नाही म्हणाली, पण तीच हळूहळू विरघळणारी मिळते, ती जेवणानंतर घ्यायची, कमी डोसपासून सुरू करायची, म्हणजे पोट सांभाळतं. हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं नाही, रागच आला. पोट सांभाळणारी गोळी होती. पहिल्याच दिवशी कोणी विचारलं असतं, पोटाला त्रास झाला तर परत या, एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर ते चूर्ण घरात आलंच नसतं.

बहिणीने विचारलं, "सुई तं नाई लागणार न मॅडम? आमच्या गावात ज्याले सुई लागली तो गेला."

"तो सुईने नाही गेला, मावशी. फार उशिरा आला असेल. यांना आज गरज नाही. पुढे लागली तर घ्यायची. इन्सुलिन ही काही शिक्षा नाही."

"आन् भात?"

"किती खाता?"

बहिणीने दोन्ही हातांनी डोंगर दाखवला. डॉक्टरीण हसली. म्हणाली, भात बंद करायचा नाही, नाहीतर चार दिवस कराल आणि पाचव्या दिवशी दुप्पट खाल. आधी भाजी, मासे, वरण खा, आणि मग एक वाटी भात. भाजी तरोट्याची, अंबाडीची, जी मिळेल ती. मासे तळून रोज नको, रश्श्यात चालतील. चालणं उजेडात, जेवल्यावर दहा-दहा मिनिटं, घराच्या आसपासही चालेल. खिशात साखरेची पुडी ठेवायची. आणि गेटवर सकाळी नऊ-दहाला काहीतरी खायचंच. तिने माझे दोन्ही पाय हातात घेऊन तळवे तपासले. मला संकोच झाला, पाय धुतलेले नव्हते.

"पाणी न पिणं बंद करा," ती शेवटी म्हणाली. "हे औषधांपेक्षा महत्त्वाचं आहे."

"मग गेटवर कसं करू?"

ती म्हणाली, "ते माझ्या हातात नाही. पण मी लिहून देऊ शकते." आणि तिने लिहून दिलं, सही-शिक्क्यासह, मराठीत. कामावर ठेवण्यास योग्य, मधल्या वेळेत खाणं, पाणी आणि लघवीला जाण्याची सोय आवश्यक.

बहिणीकडे मी तीन आठवडे राहिले. ती माझा भात वाटीने मोजून वाढायची आणि स्वतः पाटीभर खायची. आम्ही दोघी जेवून बोडीच्या बांधावर जायचो, चांगलं ऊन असताना, चार बायका सोबत घेऊन. बोट टोचायची मशीन वापरणं दवाखान्यातून शिकून घेतलं. आकडे उतरत गेले. एकशे सत्तर, एकशे साठ, एकदा एकशे तीस.

परत आले आणि सुपरवायझरला कागद दिला. त्याने वाचला.

"एवढ्या सोयी पायजे तं घरी बसून काम असन ते पाय."

"सोयी नाई म्हणून राह्यली, साहेब. संडासात जायचं म्हणून राह्यली."

"बदली माणूस नसला तं गेट सोडायचं नाई. नियम हाय."

मी त्या दिवशी संध्याकाळी गेटवरच्या बाकी दोघींना घरी बोलावलं. त्यांना सगळं सांगितलं, टायरांचंही. मोठी म्हणाली, तिला दर दोन महिन्यांनी लघवीची जळजळ होते, सत्तावीस वर्षं झाली, ती समजत होती की तिचं अंगच तसं आहे. लहानी म्हणाली, तिला दिवस गेले आहेत आणि तिने अजून डेपोत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नियम पाळला नाही. लघवी लागली की वॉकीटॉकीवर एकदा सांगायचं, पाच मिनिटं वाट पाहायची, मग दांडा खाली पाडायचा, कुलूप लावायचं, किल्ली खिशात घालायची आणि आत चालत जायचं. धावायचं नाही. अर्धा किलोमीटर जायला, अर्धा यायला. मी बाटलीभर पाणी प्यायले होते. दहा वाजता भाकरी आणि वरण खाल्लं होतं, खुर्चीवर बसून, ट्रकवाल्यांसमोर. पहिल्या दिवशी अकरा ट्रक थांबले. दुसऱ्या दिवशी ओळ मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. ड्रायव्हरांनी शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. त्यांच्यावर माझा राग नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी संडासातून बाहेर आले तर मॅनेजर ऑफिसच्या पायरीवर उभे. सोबत सुपरवायझर.

"गेट बंद करून कुठं गेल्या होत्या तुम्ही?"

"मुतायले गेली होती, साहेब."

पायरीवर आणखी चार-सहा माणसं होती. कोणी हसलं नाही. मॅनेजरने सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझर जमिनीकडे पाहत होता. मी डॉक्टरणीचा कागद खिशातून काढला, त्याची झेरॉक्स मी रोज सोबत ठेवत होते, आणि मॅनेजरच्या हातात दिला. म्हणाले, "आमी तिघी हाओत. एकीले साखर हाय, एकीले जळजळ हाय, एकीच्या पोटात लेकरू हाय. रोज असंच होईन."

आठ दिवसांनी गेटजवळ प्लास्टिकची एक संडासाची पेटी येऊन उभी राहिली. पाणी नव्हतं. पाण्यासाठी आम्हाला आणखी दोन वेळा दांडा पाडावा लागला. मग टाकी आली. आत कडी नाही, आम्ही दोरी बांधतो. लोक म्हणतात, काम झालं न बाई, आता काय. मला त्याचं कौतुक वाटत नाही. एका पेटीसाठी सत्तावीस वर्षं लागली आणि आम्हाला तोंडाने तो शब्द बोलावा लागला. रजिस्टरमधली ती ओळ मी खोडून मागितली होती. मॅनेजर म्हणाले, जुनं रेकॉर्ड खोडता येत नाही. मी म्हणाले, मग शेजारी लिहा की मशीन शून्य दाखवत होती. त्यांनी पाहतो म्हटलं. ती ओळ तशीच आहे.

हे झाल्याला दोन वर्षं झाली. साखर आता बहुतेक वेळा आटोक्यात असते. पाळी बदलली की थोडी चढते, सणावाराला चढते. एकदा गोळी वाढवली, मग कमी केली. सुईची पाळी अजून आली नाही. आली तर घेईन.

मागच्या महिन्यात डॉक्टरणीने तिच्याच दवाखान्यात डोळे तपासायला पाठवलं. तिने आधीही दोनदा लिहून दिलं होतं, मीच गेले नव्हते. पाळीतून सुटी काढावी लागते. डोळ्यांत थेंब टाकून अंधारात बसवलं. तपासणाऱ्याने सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर साखरेमुळे थोडं नुकसान सुरू झालंय, साखर सांभाळली तर वाढणार नाही, दरवर्षी दाखवत जा. ती सुरुवात चूर्णाच्या त्या अडीच महिन्यांत झाली असेल का, मी विचारलं. तो म्हणाला, तसं सांगता येत नाही.

बाहेर आले तर ऊन डोळ्यांत घुसत होतं, काही दिसत नव्हतं. बहीण सोबत होती, तिने माझं कोपर धरलं. मला विचारलं, काय म्हणाला. मी सांगितलं. मग मी तिला विचारलं, तुझी साखर कधी तपासली.

"मले काय झालं हाय?" ती म्हणाली. "मी तं धडधाकट हावो."

मी तिचं मनगट पकडलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी साखर तपासायची रांग कुठे लागते ते मला पाठ होतं. ती ओढत होती, मोठ्याने बोलत होती, लोक वळून पाहत होते. मी सोडलं नाही. खिडकीशी नेऊन उभी केली आणि आतल्या माणसाला म्हणाले, "हिच्या नावाची चिठ्ठी काढा."